निवाऱ्यातील कुत्र्या-मांजरांना घर मिळवून देताना अटी किती कडक असाव्यात?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा माणसे होड्यांतून बाहेर निघाली आणि कितीतरी घरांतली कुत्री-मांजरे गच्चीवर, माळ्यावर, पत्र्यावर अडकून पडली. त्या दिवसांत आम्ही पाच-सहा जणांनी जमतील तेवढी जनावरे कोरड्या जागी आणून ठेवली. पाणी ओसरल्यावर काहींचे मालक शोधत आले, काहींचे कोणीच आले नाही. उरलेल्या अकरा जनावरांसाठी एका स्नेह्यांनी आपल्या मळ्यातली तीन गुंठे जागा दिली, तिथे आम्ही पत्र्याची शेड उभी केली, आणि तोच पुढे आमचा निवारा झाला. आज तेथे ३४ कुत्री आणि १२ मांजरे आहेत. दिवसाकाठी एक पगारी मदतनीस आणि आळीपाळीने येणारे आम्ही नऊ जण एवढेच मनुष्यबळ आहे.

गेल्या वर्षभरात आम्ही चौदा जनावरे दत्तक दिली आणि त्यांतली पाच परत आली. एकाने चपला कुरतडल्या म्हणून परत आणले, एकाला घरमालकाने नकार दिला, एक मांजर तिसऱ्याच दिवशी खिडकीतून पळाली आणि पुष्कळ शोधल्यावर सापडली. एक कुत्रा तर आम्ही स्वतःच जाऊन परत आणला, कारण तो शेतावर दिवसरात्र साखळीला बांधलेला होता आणि त्याच्या मानेला पट्ट्याने जखम झाली होती. तेव्हापासून आमच्या गटात दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे, की स्वतःचे घर असेल, घरात पूर्णवेळ कोणी असेल आणि पूर्वी कुत्रे पाळल्याचा अनुभव असेल तरच द्यावे. इतरांना वाटते की एवढ्या अटी घातल्या तर कोणी फिरकणारच नाही आणि फाटकासमोर पिल्लांचे रोज नवे खोके ठेवलेले सापडत राहील.

दुसरी गोष्ट सांगताना मन जड होते. जुलैमध्ये कोणीतरी सहा पिल्ले खोक्यात घालून ठेवून गेले. आठवड्याभरात सहाही पिल्ले रक्ताचे जुलाब होऊन गेली, आणि पाठोपाठ शेजारच्या कप्प्यातली आमची तीनही गेली. आम्ही सकाळ-संध्याकाळ फिनेलने जागा धुत होतो. आमचे कुठे चुकले, हे जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

पायवाट (पुणे)

कृष्णाकाठताई, अटींकडे वळण्याआधी तुमच्या फाटकातून आत काय येते, ते पाहायला हवे. मी बारा वर्षे पुण्यातल्या एका निवाऱ्यात दर रविवारी काम करते. सुरुवातीला आम्हीही वर्षात किती जनावरे घेतली, तो आकडा अभिमानाने सांगत असू. पुढे आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी स्वयंपाकाच्या खोलीतल्या फळ्यावर वेगळा आकडा लिहायला लावला: कोणते जनावर किती दिवसांपासून आपल्याकडे आहे. रोज डाळ-तांदूळ शिजवताना तो फळा समोर दिसायचा, आणि दोनशे दिवस उलटलेले नाव दिसले की आम्हाला त्या कुत्र्याकडे नव्याने पाहावेसे वाटायचे. कुत्रे फार दिवस पिंजऱ्यात राहिले की ते गोल गोल फिरू लागते, माणूस दिसताच जाळीवर झेप घेते किंवा कोपऱ्यात तोंड खुपसून बसते. मग पाहायला आलेले कुटुंब त्याच्यासमोरून पुढे निघून जाते. म्हणजे मुक्काम जितका लांबतो, तितके घर मिळणेही लांबणीवर पडते.

तुमच्या ३४ कुत्र्यांपैकी धडधाकट आणि मुळात रस्त्यावर वाढलेली किती आहेत, हे एकदा शांतपणे मोजा. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्याला जिथून उचलले तिथेच सोडण्याचा मार्ग सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरासंबंधी दिलेल्या आदेशातही रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता हेच तत्त्व ठेवले. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे पुन्हा सोडू नयेत असे म्हटले आहे. म्हणून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाशी बोलून आणि मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच हे काम करा. ज्या कुत्र्याला आपली गल्ली, आपला चहावाला आणि आपली झोपायची पायरी ठाऊक आहे, त्याला दया म्हणून चार बाय सहाच्या कप्प्यात ठेवणे मला तरी पटत नाही. ती जागा अपंग, आजारी, म्हाताऱ्या आणि घरातून टाकून दिलेल्या जनावरांसाठी राखावी.

पाळलेले जनावर सोडायला आलेल्या माणसाशी आधी अर्धा तास बोलायचे, असा आमचा नियम आहे. निम्म्या वेळा त्याची अडचण सुटण्यासारखी असते. ‘सोसायटीने कुत्रे ठेवायला बंदी केली आहे’ असे सांगणारे बरेच येतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून सोसायट्यांना अशी सरसकट बंदी घालता येत नाही, हे स्पष्ट केले आहे. त्या सूचनांची प्रत हातात दिली की काही जण आपले कुत्रे घेऊन उलट पावली घरी जातात. कोणाला फक्त बाळंतपणापुरती दोन महिने सोय हवी असते, कोणाला औषधाचा खर्च झेपत नसतो. फाटकासमोर खोके ठेवून पळणाऱ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर भुकेला-तहानेला टाकून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपयेच आहे. त्यामुळे नुसत्या धाकाच्या पाटीने फारसे काही साधत नाही. आम्ही पाटीवर ‘सोडण्याआधी एकदा फोन करा’ एवढेच लिहिले, आणि फोन येऊ लागले.

आता अटींविषयी. स्वतःचे घर, पूर्णवेळ माणूस, पूर्वानुभव या अटी माणसाची परिस्थिती मोजतात. जनावर परत येण्याचे कारण बहुधा तिथे नसते. घरात ज्याचा शब्द चालतो त्याला न विचारता कुत्रे आणले जाते, किंवा जसे कुत्रे हवे होते तसे ते नसते, म्हणून ते परत येते. आम्ही अर्ज घेतो, पण खरी परीक्षा गप्पांत होते. सकाळी सहाला याला बाहेर कोण नेणार? गणपतीला तुम्ही गावी जाता तेव्हा तो कुठे राहील? दिवाळीत फटाके वाजू लागले की त्याला कुठल्या खोलीत ठेवाल? त्याने गालिच्यावर घाण केली तर पहिले तुम्ही काय कराल? आजी-आजोबांसह घरातली सगळी माणसे निवाऱ्यात येऊन जनावराला भेटल्याशिवाय आम्ही देत नाही. या एका गोष्टीवर मात्र आम्ही हट्टाने अडून बसतो.

तितकेच महत्त्व जनावराच्या कार्डाला आहे. आमच्याकडे एक तांबूस गावठी कुत्रा होता. आठ दिवस तो अन्नाला शिवेना. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्तात काही दोष निघाला नाही. शेवटी आमच्या मदतनीस मावशींच्या लक्षात आले, की स्टीलचे ताट फरशीला लागून खणकन वाजले की तो अंग चोरतो. त्यांनी पत्रावळीवर भात-कोंबडी घातली आणि मान फिरवून बसल्या. त्याने पत्रावळ चाटून पुसून स्वच्छ केली. त्याच्या कार्डावर आम्ही लिहिले: ‘भांड्यांच्या आवाजाला घाबरतो, जिना चढत नाही, स्त्रियांजवळ लवकर येतो, दुसऱ्या कुत्र्याबरोबर जेवत नाही.’ ‘अतिशय प्रेमळ’ असे लिहिले असते तर तो एखाद्या गजबजलेल्या घरातून आठवड्यात परत आला असता. तो एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, आणि जिना चढायला तो दोन महिन्यांनी शिकला.

जनावर देताना आम्ही पहिले पंधरा दिवस ‘पाहुणा’ म्हणून देतो आणि त्यानंतरच कागद करतो. त्या कागदात एक वाक्य ठळक असते: कोणत्याही कारणाने, कितीही वर्षांनी ठेवणे अशक्य झाले तर जनावर आमच्याकडेच परत आणावे. परत आणणाऱ्याला आम्ही एका शब्दाने दुखवत नाही. अपमान होईल या भीतीने माणूस कुत्रे हमरस्त्यावर सोडून देतो, आणि परत आलेल्या जनावराचे कार्ड अधिक खरे होते.

पशुवैद्य_कोल्हापूर

पिल्लांविषयी वाचून वाईट वाटले. तपासणीशिवाय ठामपणे सांगणे योग्य नाही, परंतु तुम्ही केलेले वर्णन पार्व्हो विषाणूच्या आजाराशी जुळते. आपल्याकडे लोक त्याला सर्रास ‘गॅस्ट्रो’ म्हणतात आणि त्यामुळे त्याचे गांभीर्य कमी होते. फिनेलने हा विषाणू मरत नाही. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि जमिनीत, भेगांत, चपलांच्या तळव्यांवर कित्येक महिने टिकून राहतो. आधी विष्ठा आणि चिखल पूर्ण काढून साबणाने जागा घासायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण करून ते किमान दहा मिनिटे फरशीवर राहू द्यायचे. मिश्रण रोज ताजे करावे. घाण तशीच असताना ब्लीच ओतले तर उपयोग होत नाही, आणि ते अ‍ॅसिडमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही स्वच्छतेच्या द्रवात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. मातीच्या भुईचे निर्जंतुकीकरण जवळजवळ अशक्य असते, म्हणून पिल्लांच्या जागेत तरी कोबा करून घ्या किंवा शहाबादी फरशी घाला. मांजरांच्या खोलीत फिनेल अजिबात वापरू नका. त्यातले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि पंजे चाटल्याने ते पोटात जातात.

मूळ चूक बहुधा जागेच्या रचनेत झाली. नवे जनावर इतरांच्या शेजारी ठेवायचेच नाही. किमान चौदा दिवस त्याची जागा वेगळी, भांडी वेगळी, झाडू वेगळा, आणि शक्य असेल तर माणूसही वेगळा असावा. माणूस एकच असेल तर त्याने आधी निरोगी पिल्लांचे, मग मोठ्या कुत्र्यांचे आणि सर्वांत शेवटी विलगीकरणातल्यांचे काम करावे, आणि नंतर परत मागे फिरू नये. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार चौदा दिवसांनंतरही डोके वर काढू शकतो, त्यामुळे खोकला, डोळ्यांतली घाण किंवा स्नायूंची थरथर दिसली तर मुदत वाढवावी.

लसीकरणाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. घरातल्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली मात्रा देतात आणि पुढच्या मात्रा सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. आईच्या दुधातून आलेले प्रतिकारद्रव्य लसीला निष्प्रभ करू शकते आणि ते नेमके कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. निवाऱ्यात धोका जास्त असल्याने चार ते सहा आठवड्यांपासूनच सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी लस देता येते. मोठ्या कुत्र्याचा इतिहास माहीत नसेल तर आत घेतल्या दिवशीच लस द्यावी, ‘जरा रुळू दे, मग पाहू’ असे म्हणू नये. रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. तुम्हा नऊ जणांनी आणि मदतनिसाने रेबीजच्या प्रतिबंधक मात्रा आपल्या डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवणे अत्यावश्यक आहे. तरीही चावा बसला तर जखम पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात गोचिडांचा ताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांकडेही लक्ष द्या. हिरड्या पांढुरक्या दिसणे, लघवी गडद होणे, दोन दिवस जेवण सोडणे यांतले काहीही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. आणि वयात आलेले कोणतेही जनावर नसबंदीशिवाय दत्तक देऊ नये. पिल्लू लहान असेल तर शस्त्रक्रियेची तारीख कागदावर घालून द्यावी आणि ती पाळली गेली का ते पाहावे. कुत्रीचे गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचे असते. एक तारीख चुकली की तुमच्याच फाटकासमोर नवे खोके येते.

उंबरठा (डोंबिवली)

मी दत्तक घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही दोघे नोकरी करतो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. चार वर्षांपूर्वी एका निवाऱ्याने आमचा अर्ज ‘भाडेकरू’ हा शब्द वाचूनच बाजूला ठेवला. आमचे घर, आमची वेळापत्रके, आमच्या घरमालकांचे मत यांतले काहीही कोणी विचारले नाही. त्या दिवशी घरी येताना मला फार लागले, आणि खरे सांगायचे तर पिल्लू विकत घ्यावे असा विचार आम्ही त्याच रात्री केला होता. पुढे दुसऱ्या एका निवाऱ्यातल्या ताईंनी आम्हाला भाडेकराराची प्रत आणि घरमालकांचा फोन क्रमांक मागितला, त्यांच्याशी स्वतः बोलल्या, आणि ‘तुम्ही नऊ तास बाहेर असता, तेव्हा पिल्लू नको, सात वर्षांची शांत कुत्री पाहा’ असे सुचवले. आमच्या मनात पिल्लूच होते. त्यांचे ऐकले, याचा आनंद आजही वाटतो.

पहिले तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. आम्ही रात्री दिवे मालवून दही-भाताची वाटी पलंगाच्या कडेला ठेवायचो आणि सकाळी वाटी रिकामी दिसायची. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या पावलावर काहीतरी ओले लागले, पाहिले तर तिचे नाक होते. त्या तीन दिवसांत मी घाबरून परत द्यायचे ठरवलेही असते, पण ताईंनी आधीच बजावले होते: तीन दिवस ती भेदरलेली राहील, तीन आठवड्यांत घराची वेळ ओळखेल आणि तीन महिन्यांत घर आपले मानेल, आणि हा केवळ ढोबळ अंदाज आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोनही आला. तुमच्याकडे चपला कुरतडल्या म्हणून परत आलेल्या कुत्र्याच्या घरी असा फोन गेला होता का, हे मला विचारावेसे वाटते. दोष देण्यासाठी नव्हे, पण त्या आठवड्यात माणसाला कोणाचा तरी आवाज हवा असतो.

मांजरांविषयी एवढेच, की आमच्या शेजाऱ्यांना मांजर देताना त्या ताई स्वतः येऊन खिडक्यांच्या जाळ्या हाताने ओढून पाहून गेल्या आणि पहिला आठवडा मांजराला एकाच खोलीत ठेवायला सांगितले.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या दिवशी आमचा फोन गेला नव्हता. आम्ही फोटो काढून गटावर टाकला आणि आनंदात पुढच्या कामाला लागलो. हे लिहिताना वाईट वाटते.

काल आम्ही सगळे शेडवर बसून मोजदाद केली. ३४ पैकी तेरा कुत्री धडधाकट आणि मूळची रस्त्यावरची आहेत. त्यांच्याविषयी महापालिकेशी बोलण्याची जबाबदारी दोघांनी घेतली आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यातले दोन कप्पे रिकामे करून तिथे विलगीकरण करायचे, कोबा घालायचा आणि झाडूंच्या दांड्यांना लाल रंग द्यायचा असे ठरले. भाडेकरूंना नकार देण्याची अट एकमताने काढली. घरातली सगळी माणसे भेटायला आली पाहिजेत, ही अट घातली.

एक प्रश्न मात्र उरतो. आमच्याकडे अकरा वर्षांचा लॅब्रडॉर आहे. त्याचे मालक वारले, मुले परदेशात आहेत. त्याला मागचे पाय उचलताना त्रास होतो. फाटक वाजले की तो अजूनही उठून उभा राहतो आणि आलेल्या माणसाकडे बघून परत बसतो. त्याला कोण नेणार?

पायवाट (पुणे)

त्याला दत्तक द्यायची घाई करू नका, आधी फॉस्टर घर, म्हणजे निवाऱ्याच्या वतीने त्याला सांभाळणारे घर, शोधा. आमच्याकडे अशा म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी वेगळी पद्धत आहे: कुत्रे शेवटपर्यंत त्या घरी राहते, औषधे आणि दवाखान्याचा खर्च निवारा करतो, आणि कुटुंब जेवण व सोबत देते. खर्चाची धास्ती गेली की निवृत्त माणसे आपणहून पुढे येतात, कारण त्यांनाही धावणारे पिल्लू झेपत नसते. त्याच्या मालकांच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारले आहे का? ज्यांना तो नावाने ओळखतो, त्यांच्यापासून सुरुवात करा. परदेशातल्या मुलांनाही दरमहा औषधांसाठी हातभार लावाल का, असे स्पष्ट विचारा.

पशुवैद्य_कोल्हापूर

तोपर्यंत त्याच्या कप्प्यात गुळगुळीत फरशी असेल तर त्यावर गोणपाट किंवा रबरी चटई घाला, नखे कापून घ्या, आणि त्याचे वजन करून ठेवा. लॅब्रडॉरचे चार किलो वाढलेले वजनही म्हाताऱ्या सांध्यांना जड जाते. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलने जनावराच्या जिवावर बेतू शकते. मी येत्या मंगळवारी मिरजेला येणार आहे. दुपारनंतर तुमच्याकडे येऊन त्याला पाहीन, रक्ताचा नमुना घेईन, आणि विलगीकरणाच्या कोब्याला उतार कोणत्या बाजूला द्यायचा तेही सांगेन. सिमेंट त्याआधी ओतू नका.